सांधेदुखीच्या बाटलीवरून भांडताय, पण आत काय आहे हे विचारलंत का?

सांधेदुखीवरच्या नॅचरल सप्लिमेंटचा विषय निघाला की आपल्याकडे दोन मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते हळद, गुग्गुळ, शल्लकी, गुळवेल हे सगळं आपल्या मातीतलं, हजारो वर्षांचं, साइड इफेक्ट शून्य, इंग्रजी औषधं किडनी खातात. दुसरी म्हणते हे सगळं थोतांड आहे, अंधश्रद्धा आहे, शिकलेली माणसं असलं कसं काय घेतात. मग कुणीतरी धर्म आणतं, कुणीतरी औषध कंपन्यांचं कारस्थान आणतं, आणि ज्या बाईचा गुडघा रात्री दोन वाजता ठणकतोय तिला ह्यातून काहीच मिळत नाही. हा वाद इतक्या वाईट पद्धतीने चाललाय की त्याचा फायदा फक्त विकणाऱ्याला होतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नॅचरल की केमिकल ह्यावरून औषध निवडणं बंद केलं पाहिजे. पेशंटने विचारायचं ते असं, की मला झालेला सांध्यांचा आजार नेमका कोणता, ह्या गोळीत कामाचं द्रव्य किती आहे, लेबलवर लिहिलंय तेच आत आहे का, आणि आधी ज्यांनी घेतलं त्यांचं पुढे काय झालं हे कुणी नीट मोजलंय का. ह्याची उत्तरं मिळत असतील तर हळदीचा अर्क घ्यायला माझी काहीही हरकत नाही. मिळत नसतील तर ती वस्तू कितीही आपल्या मातीतली असू दे, मी माझ्या घरच्या माणसाला ती देणार नाही.

पहिला प्रश्न आजाराचा, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. गुडघ्याची झीज, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, तो एक प्रकार. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा पूर्ण वेगळा, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. गाऊट तिसराच, त्यात युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात साठतात आणि पायाचा अंगठा असा सुजतो की अंगावरच्या चादरीचा स्पर्श पण सहन होत नाही. कारणं वेगळी, औषधं वेगळी, उशीर झाल्यावर होणारं नुकसान वेगळं. पण बाटलीवर काय लिहिलेलं असतं? सर्व प्रकारच्या सांधेदुखीवर गुणकारी. आता गंमत नाही, खरंच विचार करा, आयुर्वेदाने तरी हे सगळं एकात कालवलंय का? चरकसंहितेत वातरक्त, म्हणजे साधारण गाऊटसारखं दुखणं, वेगळं सांगितलंय, संधिगत वात, म्हणजे साधारण झिजेसारखा, वेगळा, आणि साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदानात आमवात, म्हणजे साधारण ऱ्हुमॅटॉइडसारखा, स्वतंत्र रोग म्हणून मांडलाय. चांगला वैद्य आमवाताच्या सुरुवातीला तेल लावायला नको म्हणतो, आधी लंघन सांगतो आणि शेक द्यायचा तर वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगतो. तेच संधिगत वातात मात्र तेल लावायला सांगतो. म्हणजे आमवाताचा माणूस जाहिरात बघून तेलाने सांधे चोळत बसला तर तो आयुर्वेदाच्या हिशोबानेसुद्धा चुकीचं करतोय. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी परंपरेने हजार वर्षांपूर्वी केलेला फरक एका लेबलवर पुसून टाकायचा, ह्याला मी परंपरा कशी म्हणू?

आणि हा फरक पुसला की काय होतं ते मी आमच्या आत्याच्या हातांवर बघितलंय. दोन्ही हातांची बोटं एकदमच सुजलेली, दोन्हीकडे सारखी, सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही, दहा वाजेपर्यंत भाकरी थापता यायची नाही, ओला टॉवेल पिळता यायचा नाही, बांगड्या चढायच्या नाहीत. ही सगळी ऱ्हुमॅटॉइडची लक्षणं आहेत पण घरात सगळे म्हणाले वात आहे, वयाप्रमाणे होतंच. गावाकडून एक पुडी यायची, कागदात बांधलेली राखाडी पावडर, देणारा म्हणायचा शुद्ध वनस्पती आहे. आणि तिने फरक पडायचा हो, चौथ्या दिवशी आत्या कामाला लागायची. म्हणून तर विश्वास बसला. मग हळूहळू चेहरा गोल झाला, शुगर वाढली, अंगावर हलकं लागलं तरी काळंनिळं व्हायला लागलं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की ही लक्षणं बऱ्याच काळ स्टेरॉइड, म्हणजे सूज झटपट दाबणारं औषध, पोटात गेल्याची आहेत. तोपर्यंत बोटं बाहेरच्या बाजूला वळून गेली होती. ऱ्हुमॅटॉइडमध्ये बऱ्याच जणांच्या हाडांची कायमची झीज पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते, ती नंतर भरून येत नाही. ज्या पुडीने दुखणं झाकलं तिनेच ती दोन वर्षं खाल्ली.

हा आजार फार दुर्मिळ आहे असं कुणी म्हणू नये. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये सांध्यांच्या आजारांचे तज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने घरोघरी जाऊन पाहणी केली होती, चार हजारांवर मोठी माणसं, आणि त्यात साधारण १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं कुठलं ना कुठलं दुखणं होतं. त्यात ऱ्हुमॅटॉइड साधारण दोनशे माणसांत एक. ऐकायला कमी वाटतं, पण एका मोठ्या गावात ही किती माणसं झाली ते मोजून बघा, आणि त्यातली किती जण आज पुडीवर आहेत ते पण विचारा.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते फुसके आहेत असं मी अजिबात मानत नाही.

सगळ्यात मोठा मुद्दा हा की इंग्रजी पेनकिलर तरी कुठे निर्दोष आहेत. बरोबर आहे, नाहीत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन वर्षानुवर्षं मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून खाणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत, आणि त्यातून अल्सर होतात, किडन्या जातात, बीपी वाढतं. व्हायॉक्स नावाचं सांधेदुखीचं औषध मर्क कंपनीने जगभर विकलं आणि ३० सप्टेंबर २००४ ला हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढतो म्हणून बाजारातून मागे घेतलं, तोपर्यंत लाखो लोकांनी ते खाल्लं होतं. त्याआधी चार वर्षं, २००० सालच्याच एका ट्रायलमध्ये धोक्याची खूण दिसली होती आणि ती जितक्या गांभीर्याने घ्यायला हवी होती तितकी घेतली गेली नाही. हा औषध धंद्यावरचा डाग आहे आणि त्यावर चिडणाऱ्या माणसाला मी समजू शकतो. पण हा धोका शेवटी सापडला कसा? अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली, वर्षानुवर्षं मोजत राहिले, आणि एका बाजूला जास्त अटॅक दिसले. मोजलं म्हणून पकडला गेला. जी पावडर कुणी मोजतच नाही तिचा व्हायॉक्स झाला तर आपल्याला कळणार कसं? तिथे माणूस हार्ट अटॅकने गेला तर घरचे म्हणणार वय झालं होतं. व्हायॉक्सची गोष्ट मोजणी आणखी कडक हवी हे शिकवते, मोजणी नसलेल्या बाटलीकडे वळा हे नाही.

दुसरा मुद्दा अनुभवाचा. आमच्या आजीला गुण आला, शेजारच्या काकांना गुण आला, एवढे लोक खोटं बोलतात का? नाही, कुणीच खोटं बोलत नाही. पण २००६ आठवा. त्या वर्षी महाराष्ट्रात चिकनगुनियाची जोरदार साथ आली, मराठवाड्यात, विदर्भात, सोलापूरकडे गावंच्या गावं वाकून चालत होती, घोटे, मनगटं, गुडघे धरलेले. त्या काळात काय काय खपलं नाही, काढे, तेलं, इंजेक्शनं, सलाइन, मंत्रलेलं पाणी. आणि बहुतेक लोक काही आठवड्यांत, काही महिन्यांत बरे झाले, कारण चिकनगुनियाची सांधेदुखी बहुतेकांत आपोआपच ओसरते. पण ज्याने त्या वेळी जे घेतलं होतं त्याला ते गुणाचं वाटलं, कायमचं. आजही लोक छातीठोक सांगतात की मला अमुक काढ्याने उठवलं. आता गुडघ्याची झीज बघा, तिचं दुखणं पण एका लेव्हलला राहत नाही, थंडीत वाढतं, लग्नसराईत धावपळीने वाढतं, मग कमी होतं. माणूस औषध कधी सुरू करतो? सगळ्यात जास्त दुखतं तेव्हा. म्हणजे त्यानंतर काहीही घेतलं तरी थोडा उतार पडणारच होता.

हे नुसतं तर्कट नाही. अमेरिकेत सरकारी पैशातून ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन ह्या सांध्यांच्या सप्लिमेंटची मोठी ट्रायल झाली, २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, १५८३ माणसं, गुडघ्याची झीज असलेली, २४ आठवडे. ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्याच्या कवचातून येतं, कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेतून, म्हणजे दोन्ही नॅचरलच. निकाल असा की नुसती रिकामी गोळी घेतलेल्यांपैकी ६० टक्के लोकांचं दुखणं लक्षात येण्याइतकं कमी झालं, आणि ग्लुकोसामाइनवाल्यांचा आकडा त्याहून फारसा वेगळा निघाला नाही. ज्यांचं दुखणं जास्त होतं अशा छोट्या गटात दोन्ही एकत्र घेऊन फायदा दिसला, हेही सांगितलं पाहिजे, पण एकूण हिशोबात नाही. शंभरातल्या साठ जणांना काहीही नसलेल्या गोळीने बरं वाटतं, आणि ते साठ जण खरं बोलत असतात, म्हणून तर शेजारच्या काकांच्या अनुभवावरून औषध ठरवता येत नाही.

मग ह्याचा अर्थ झाडपाल्यात काहीच नाही असा होतो का? इथे मला दुसऱ्या पार्टीशी भांडायचंय, जी स्वतःला विज्ञानवादी म्हणवते. ॲस्पिरिनचं मूळ विलो नावाच्या झाडाच्या सालीत आहे, एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्लंडमधल्या पाद्र्याने १७६३ मध्ये त्या सालीच्या पावडरीने ताप उतरतो असं रॉयल सोसायटीला कळवलं होतं आणि १८९७ मध्ये बायर कंपनीत त्यातूनच पुढे ॲस्पिरिन तयार झालं. गाऊटवर आजही वापरतात ते कोल्चिसिन वनस्पतीतलंच. आणि ते आपल्या कळलावीतही असतं. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरलेल्यांनी ती वेल पाहिली असेल, ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं, पानाच्या टोकाला वळलेला आकडा. तिचा कंद पोटात गेला तर माणूस उलट्या-जुलाबांनी सुरुवात होऊन अवयव निकामी होऊन मरू शकतो. आणि तेच द्रव्य अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत गाऊटचा ठणका उतरवतं. झाड नॅचरल, विष नॅचरल, औषध पण नॅचरल. काय बदललं? मोजून घेतलेला डोस. ज्यांना झाडपाल्याची चेष्टा करायची आहे त्यांनी आधी हा इतिहास वाचावा, आणि ज्यांना नॅचरल म्हणजे निर्धोक वाटतं त्यांनी पण हाच इतिहास वाचावा.

हळदीचंच घ्या, कारण सगळ्यात जास्त बोललं जातं ते तिच्यावर. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. आमटी-भाजीतून, रात्रीच्या दुधातून दिवसाला तीन ग्रॅम हळद पोटात गेली तरी कर्क्युमिन झालं ९० मिलिग्रॅम, आणि त्यातलंही रक्तात फारच थोडं पोचतं. थायलंडमध्ये ३६७ गुडघेदुखीच्या पेशंटवर जी ट्रायल झाली, २०१४ मध्ये आली, तिच्यात रोज १५०० मिलिग्रॅम अर्क दिला होता आणि तो चार आठवड्यांत आयब्युप्रोफेनच्या १२०० मिलिग्रॅमइतकाच उपयोगी ठरला, पोटाचा त्रासही कमी झाला. मला ह्या निकालाचा आनंद आहे, मनापासून. पण चार आठवडेच, आणि त्या डोसलाच. हळदीचं दूध प्या, छान आहे, पण त्या ट्रायलचा आकडा दाखवून दुधाचं किंवा कुठल्याही बाटलीचं समर्थन होत नाही. फिश ऑइलचं तसंच. ऱ्हुमॅटॉइडमध्ये ज्या अभ्यासांत फायदा दिसला त्यांत रोज साधारण ३ ग्रॅम ओमेगा-३ दिलं होतं. आपल्याकडच्या साध्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलची बाटली फिरवून मागचा तक्ता वाचा, बहुतेक वेळा ईपीए १८० आणि डीएचए १२० (हे ओमेगा-३ चेच दोन प्रकार) लिहिलेलं असतं, म्हणजे मिळून ३००. तीन ग्रॅम व्हायला दहा कॅप्सूल लागतील. सकाळी एक कॅप्सूल घेणारा माणूस पैसे देतोय पण ट्रायलमधला डोस घेत नाहीये, त्यापेक्षा कोकणात बाजारातून तारल्या किंवा बांगडे आणून खाल्ले तर जास्त पोटात जाईल.

बरं, डोस वाढवला तर? १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतलं पायपरिन सोबत दिलं तर कर्क्युमिन रक्तात वीसपट जास्त पोचतं. तेव्हापासून प्रत्येक भारी बाटलीत पायपरिन असतं. पण जे शोषण वाढवतं ते यकृताचं आणि आतड्याचं औषधं निकामी करण्याचं काम पण अडवतं, म्हणजे तुमच्या बाकीच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं. अमेरिकेतल्या यकृताच्या डॉक्टरांच्या एका गटाने हळदीच्या सप्लिमेंटनंतर यकृताला इजा झालेले १० पेशंट तपासले, त्यातल्या सात जणांत एक ठरावीक जनुक सापडलं. इटलीत असे पेशंट निघाले, ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये इशारा दिला. कोट्यवधी लोक घेतात त्यात ही संख्या लहान आहे, घाबरून जायचं काही नाही. पण आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षं हळद खाल्ली हे इथे उत्तर होत नाही, कारण पूर्वजांनी पायपरिन घातलेला, ९५ टक्के कर्क्युमिनचा अर्क कधीच खाल्ला नव्हता. ही वस्तू नवीन आहे, तिचा अनुभव पण नवीनच जमवावा लागेल.

आणि लेबलवर लिहिलंय तेच आत आहे का? बोस्टनमध्ये विकत घेतलेल्या दक्षिण आशियातल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, हे २००४ मध्ये छापून आलंय. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए ह्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने आर्ट्री किंग नावाच्या सांध्यांच्या सप्लिमेंटवर इशारा दिला कारण आत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक निघालं, लेबलवर दोन्हींचा पत्ता नाही. म्हणजे ज्यांनी इंग्रजी पेनकिलरला घाबरून नॅचरल घेतलं त्यांनी तीच पेनकिलर खाल्ली, वर स्टेरॉइड, आणि डोस किती ते माहीत नाही. आपल्याकडे दोन दरवाजे आहेत. सप्लिमेंट म्हणून विकायचं तर अन्नाचं लायसन्स मिळतं, मग समोर लालभडक गुडघ्याचं चित्र टाकायचं आणि मागे बारीक अक्षरात नॉट फॉर मेडिसिनल यूज छापायचं, कारण २०१६ च्या नियमांप्रमाणे ते छापणं बंधनकारक आहे. किंवा आयुर्वेदिक औषध म्हणून राज्याचं लायसन्स काढायचं. जाहिरातीचं म्हणाल तर १९५४ पासून कायदा आहे, त्याच्या यादीत संधिवात आहे, त्यावर उपचार होतो अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. तरी संध्याकाळी टीव्ही लावून बघा. देशातल्या एका मोठ्या आयुर्वेदिक कंपनीला २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने दट्ट्या दिल्यावर पेपरात जाहीर माफी छापावी लागली, म्हणजे कायदा वापरला तर चालतो, प्रश्न वापरण्याचा आहे.

गुळवेलीचा वाद आठवतो ना? मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा पेशंटची माहिती प्रसिद्ध केली, कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आली, ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तशी. आयुष मंत्रालय म्हणालं ही खरी गुळवेल नसणार, दिसायला सारखी दुसरी वेल असेल. लगेच पार्ट्या पडल्या, कुणी डॉक्टरांना देशद्रोही ठरवलं, कुणी आयुर्वेदाला मूठमाती दिली. पण मंत्रालयाचं म्हणणं खरं धरलं तरी त्यातून काय निघतं? की बाजारात गुळवेल म्हणून दुसरीच वेल विकली जाऊ शकते आणि घेणाऱ्याला ओळखता येत नाही. हा बचाव झाला की आणखी मोठी तक्रार झाली?

आणि चेष्टा करणाऱ्यांमुळे होणारं नुकसान मला फार जवळून दिसतं म्हणून त्यावर थोडं जास्त बोलतो. डॉक्टरच्या केबिनमध्ये पेशंटने चुकून सांगितलं की मी अमुक घेते, आणि डॉक्टर खेकसले की असला कचरा घेऊ नका, तर ती बाई घेणं थांबवत नाही, सांगणं थांबवते. आता ती ऱ्हुमॅटॉइडसाठी मेथोट्रेक्सेटवर आहे. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, स्वस्त आहे, नीट घेतलं तर सांधे वाचवतं, पण यकृताची तपासणी वेळोवेळी करावी लागते. सोबत ती गुपचूप कर्क्युमिन-पायपरिन आणि गुळवेल घेतेय. रिपोर्टमध्ये यकृताचे आकडे वाढले. डॉक्टरला माहीत असलेली संशयित एकच, मेथोट्रेक्सेट. ते बंद होतं. जे औषध तिची बोटं वाचवत होतं तेच गेलं आणि ज्या बाटलीवर कुणाला संशय नाही ती चालू राहिली. घरी सगळे म्हणतात बघ, इंग्रजी औषधाने लिव्हर बिघडवलं. ह्यात चूक एकट्या पेशंटची आहे? माझ्या मते निम्मी चूक त्या खेकसण्याची आहे. आजीने गुडघ्याला निर्गुडीचा शेक दिला, तिळाचं तेल लावलं, थंडीत डिंकाचे लाडू खाल्ले, ह्यात कुणाचं काय बिघडतं? त्याची टिंगल करून तुम्ही विज्ञान वाढवत नाही, माणसाला पुडीवाल्याकडे ढकलता, कारण तो तिचं ऐकून तरी घेतो.

आणखी एक मुद्दा येतो, की हळदीचं पेटंट निघत नाही मग ट्रायलला पैसे कोण घालणार, म्हणून पुरावा नाही म्हणजे गुण नाही असं होत नाही. हा मुद्दा मला अर्धा पटतो. पण पुरावा कुणी गोळा केलाच नाही असं मात्र नाही, आणि आपल्याच लोकांनी केलाय. नागपूरच्या इंदिरा गांधी मेडिकल कॉलेजमध्ये शल्लकीची, म्हणजे सालईच्या डिंकाची, ट्रायल झाली, २००३ मध्ये छापून आली, ३० पेशंट, छोटी पण नीट केलेली, गुडघ्याचं दुखणं कमी झालं. पुढे जगभरच्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला त्यात पण शल्लकीचा थोडासा फायदा टिकला. पुण्याच्या डॉ. चोप्रांनीच सीएसआयआर ह्या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेच्या योजनेत सुंठ, गुळवेल, आवळा वगैरे असलेली आयुर्वेदिक औषधं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब ह्या पेनकिलरच्या शेजारी ठेवून ४४० पेशंटवर २४ आठवडे तपासली, २०१३ मध्ये निकाल आला, आयुर्वेदिक औषधं तोडीस तोड ठरली. आणि त्याच पेपरमध्ये त्यांनी हेही लिहिलं की काही पेशंटच्या यकृताचा एक आकडा वाढला आणि औषध थांबवल्यावर खाली आला. गुण पण लिहिला आणि दोष पण लिहिला. ह्याला मी आयुर्वेदावरचं प्रेम म्हणतो. असं काम दहापट व्हायला हवं, सरकारी पैशातून, आणि बाटल्या विकून श्रीमंत झालेल्या कंपन्यांच्या पैशातून पण.

हळदीबद्दल अभिमान बाळगणाऱ्यांना १९९५ चं पेटंट नक्की माहीत असतं. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं आणि गोव्यातल्या माशेलात जन्मलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. कसं करून घेतलं? आमची संस्कृती थोर आहे असं सांगून नाही. ३२ संदर्भ ठेवले समोर, जुन्या ग्रंथांतले उतारे, १९५३ चा भारतीय मेडिकल जर्नलमधला पेपर, आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवली नाही. तेव्हा पुरावा मागितला म्हणून आपल्याला अपमान वाटला नव्हता, आपण तो दिला होता. मग आज गुडघेदुखीच्या बाटलीकडे पुरावा मागितला की तो आयुर्वेदाचा द्वेष कसा काय होतो?

एक मुद्दा असा आहे ज्यापुढे मी खरंच थांबतो. तालुक्याच्या गावातल्या, शेतात राबणाऱ्या बाईला ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे अशा सांध्यांच्या आजारांचा तज्ज्ञ डॉक्टर, कुठून मिळणार? ते मोजक्या शहरांत, दिवस मोडायचा, एसटीचं भाडं, तपासण्यांचा खर्च, आणि पुडीवाला मात्र आठवडी बाजारात बसलेला. तिला दोष द्यायचा नाही. पण तिच्या अडचणीचा उपाय बाटली हा नाही, कारण महिन्याला हजार-बाराशेची बाटली तिला मेथोट्रेक्सेटपेक्षा कितीतरी महाग पडते. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला आणि आशाताईला एवढं जरी शिकवलं की सकाळचा कडकपणा तासाच्या वर राहतो, दोन्ही हातांचे बारके सांधे सुजतात, सहा आठवडे झाले तरी जात नाही, तर ही केस वात म्हणून परत पाठवायची नाही, पुढे पाठवायची, तरी कितीतरी बोटं वाचतील. आणि साध्या झिजेच्या गुडघ्याला जे खरंच उपयोगी आहे ते तर फुकट आहे, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन, कारण एक किलो कमी केलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. ह्याची जाहिरात कुणी करत नाही कारण ह्यात विकायला काही नाही.

म्हणून राज्याच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे आपण सगळ्यांनी, दोन्ही पार्ट्यांनी मिळून, एक साधी मागणी करायला हवी. मेडिकलमधून, आठवडी बाजारातून, ऑनलाइन, सांधेदुखीच्या नावाने विकली जाणारी उत्पादनं दर काही महिन्यांनी उचलायची, त्यात स्टेरॉइड, डायक्लोफेनॅक, शिसं, पारा आहे का आणि लेबलवरची वनस्पती आहे का हे तपासायचं, आणि बॅच नंबरसकट निकाल मराठीत जाहीर करायचे. ह्या तपासण्या नवीन नाहीत, लॅबमध्ये रोज होतात. ज्या वैद्याचं, ज्या कंपनीचं औषध खरं आहे त्यांनी तर ही मागणी सगळ्यात आधी करावी, त्यांचंच नाव ह्या पुड्यांनी खराब होतंय.

आणि तोपर्यंत, तुमच्या घरात कुणी अशी पुडी वर्षानुवर्षं घेत असेल तर हे वाचून ती उद्या एकदम बंद करू नका. आत स्टेरॉइड असेल तर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, अचानक थांबवलं तर बीपी पडून माणूस कोसळू शकतो. पुडी आणि बाटली दोन्ही पिशवीत घाला, पेशंटला सोबत घ्या आणि फिजिशियनकडे जा, न लाजता सगळं टेबलावर ठेवा, आणि हळूहळू कमी कसं करायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्या.